दिवाळीचा बाण आणि इस्रोचं रॉकेट यांच्या मधलं काही आपल्याकडे का नाही?

भाताची कापणी-झोडणी आटोपली की शहापूर-मुरबाड पट्ट्यातली खाचरं मोकळी होतात. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागल्यावर भातसा नदीकाठी सापगाव येतं, तिथलं शिवारही याला अपवाद नाही. कोणी उरलेल्या ओलीवर वाल टाकतो, बाकीची जमीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामीच असते. पोरांसाठी हे वर्षातलं सगळ्यात मोठं मैदान.

नेमकी हीच वेळ दिवाळी संपल्याची असते. उरलेले, सादळलेले फटाके घरात पडून असतात, हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर ‘घरच्या घरी रॉकेट बनवा’ सांगणारे व्हिडिओ असतात. मग फटाके फोडून दारू गोळा करणं, ती पाइपात ठासणं, वात लावून पळणं हे सगळं ओघाने येतं. शाळेत चांद्रयानाचं थेट प्रक्षेपण टाळ्या वाजवून पाहिलेल्या मुलाने हे करून बघितलं तर त्याला नुसतं रागावून काय साधणार? त्याला रॉकेट बनवायचं असतं आणि तेवढा एकच रस्ता त्याला दिसत असतो.

जगात या वयाच्या मुलांसाठी दुसरा रस्ता १९५० च्या दशकातच तयार झाला. त्याचं नाव मॉडेल रॉकेटरी. आपल्याकडे तो शहरांतल्या काही कार्यशाळांपर्यंत आणि मोठ्या कॉलेजांच्या टीमपर्यंत पोहोचला आहे, पण सापगावसारख्या गावातल्या शाळेपर्यंत नाही. तो तिथे पोहोचायला हवा. त्यात अडचण नेमकी कुठे आहे आणि तोवर काय करता येईल, ते पाहू.

फटाका आणि मॉडेल रॉकेट, फरक काय?

दोन्ही वर जातात, पण मॉडेल रॉकेट धड खाली येतं. त्याची नळी पुठ्ठ्याची, पंख पातळ लाकडाचे किंवा प्लास्टिकचे आणि टोपी हलक्या प्लास्टिकची असते. पोटात घडी घातलेलं पॅराशूट असतं. वर गेल्यावर टोपी निघते, पॅराशूट उघडतं आणि रॉकेट तरंगत उतरतं. ते उचलायचं, इंजिन बदलायचं आणि पुन्हा उडवायचं. एकच रॉकेट वीस-पंचवीस वेळा सहज उडतं.

यातला एकमेव धोकादायक भाग म्हणजे इंजिन, आणि ते उडवणारा माणूस स्वतः बनवत नाही. सगळा छंद या एका अटीवर उभा आहे. इंजिन कारखान्यात, यंत्रावर, ठरलेल्या मापात भरलेलं असतं. नेहमीचं छोटं इंजिन १८ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, म्हणजे अंगठ्याएवढं. जाड कागदाच्या नळीत खालच्या टोकाला मातीचं भोक, म्हणजे नोझल. त्याच्या वर दाबून बसवलेली काळी दारू. तिच्यावर धूर सोडत सावकाश जळणारा थर. सगळ्यात वर थोडी सुटी दारू, पॅराशूट बाहेर ढकलण्यासाठी.

मधला तो सावकाश जळणारा थर म्हणजे घड्याळच आहे. खालची दारू दीड-दोन सेकंदांत संपते, पण तेवढ्यात रॉकेटला इतका वेग आलेला असतो की ते पुढची काही सेकंदं नुसत्या वेगावर वर चढत राहतं. त्याच वेळी पॅराशूट उघडलं तर दोरा नळीला उभी चिरत जातो. फार उशिरा उघडलं तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे निघालेलं असतं. वर चढणं थांबलं आणि खाली पडणं अजून सुरू झालेलं नाही, त्या क्षणाच्या आसपास ते उघडायला हवं. म्हणून इंजिनावर ‘सी६-५’ असा शिक्का असतो. ‘सी’ म्हणजे एकूण ताकदीचा वर्ग, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन जोर आणि ५ म्हणजे इंधन संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट.

ताकदीचे वर्ग लक्षात ठेवायला सोपे आहेत. ‘ए’ वर्गाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, ‘डी’ची २०. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. दहा न्यूटन-सेकंद म्हणजे एक किलोचं वजन एक सेकंद तोलून धरण्याइतका जोर. ऐकायला काहीच नाही, पण रॉकेटचं वजन १०० ग्रॅमच्या आत असेल तर एवढ्या जोरावर ते दीडशे मीटरच्या आसपास जातं.

दिवाळीच्या बाणाला मात्र लांब काडी असते. ती का असते, असं किती मुलांना शाळेत विचारलं जातं? काडीमुळे वाऱ्याचा दाब बाणाच्या मागच्या बाजूला जास्त पडतो आणि तोंड पुढे राहतं. मॉडेल रॉकेटमध्ये तेच काम पंख करतात. नियम एका ओळीचा आहे: रॉकेटचा तोलाचा बिंदू हा वाऱ्याच्या दाबाच्या बिंदूच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, किमान एका नळीच्या जाडीइतका हवा. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रॉकेट बोटावर तोलून धरायचं, जिथे आडवं राहील तिथे दोरा बांधायचा आणि गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. शेपूट पुढे आली किंवा ते गटांगळ्या खाऊ लागलं तर नाकात थोडी माती भरायची किंवा पंख मोठे करायचे. उडवण्याआधी ही गोफण-चाचणी केली की रॉकेट माणसांच्या दिशेने वळण्याचा धोका बराच कमी होतो.

चपलांच्या दुकानातून सुरू झालेली गोष्ट

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाच्या गावात ऑरव्हिल कार्लाइल यांचं बुटा-चपलांचं दुकान होतं. त्यांना शोभेच्या दारूची आवड आणि भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांची. १९५४ मध्ये दोघांनी मिळून कागदी नळीचं, बदलत्या इंजिनाचं आणि पॅराशूटने उतरणारं छोटं रॉकेट तयार केलं.

दुसरीकडे व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणारे हॅरी स्टाइन एका वेगळ्याच काळजीत होते. मुलं तळघरात, गॅरेजमध्ये धातूच्या पाइपात दारू ठासत होती आणि जखमी होत होती. १९५७ च्या सुरुवातीला एका लोकप्रिय मासिकात त्यांनी या धोक्याबद्दल लिहिलं. तो लेख वाचून कार्लाइल यांनी आपली रॉकेटं त्यांना पाठवली. स्टाइन यांनी ती उडवून पाहिली आणि त्याच वर्षी अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि रॉकेट बनवू पाहणाऱ्या मुलांची लाटच आली. मागणी इतकी वाढली की हाताने इंजिनं भरणं पुरेना. तेव्हा व्हर्न एस्टेस या तरुणाने १९५९ च्या सुमारास काही सेकंदांत एक इंजिन भरणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव ठेवलं मेबल.

हा इतिहास इथे सांगायचं कारण म्हणजे त्यांच्यापुढचा प्रश्न तोच होता, जो आज आपल्यापुढे आहे. मुलं दारूशी खेळत होती. बंदीचा मार्ग त्यांच्यासमोरही होता. त्यांनी धोकादायक भाग मुलांच्या हातातून काढून कारखान्यात नेला आणि उरलेलं सगळं, म्हणजे नळी, पंख, पॅराशूट, गणित, मुलांच्या हातात दिलं. सोबत पानभर नियम लिहिले. वजन दीड किलोच्या आत, इंधन १२५ ग्रॅमच्या आत, धातूचे भाग नकोत. वात पेटवायची नाही, विजेच्या तारेने किमान पाच मीटरवरून प्रज्वलन करायचं. पाच सेकंदांची उलटी मोजणी मोठ्याने करायची. उडालं नाही तर एक मिनिट जवळ जायचं नाही. तारेवर अडकलेलं रॉकेट काढायला जायचं नाही. पुढे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियमांनीही अशीच रेषा आखली. दीड किलो आणि १२५ ग्रॅमच्या आतलं, कागद-लाकूड-प्लास्टिकचं, सावकाश जळणाऱ्या इंधनाचं रॉकेट असेल आणि त्यापासून कोणाला धोका नसेल, तर हवाई खात्याची वेगळी परवानगी लागत नाही.

मग आपलं अडतं कुठे?

आपल्याकडचा मूळ कायदा १८८४ चा आहे, स्फोटकांचा. त्याच्या व्याख्येत तोफेच्या दारूपासून काडतुसापर्यंत जी यादी आहे, तिच्यात ‘रॉकेट’ हा शब्द सरळ लिहिलेला आहे. त्यावर आधारलेले २००८ चे नियम आणि त्यांची अंमलबजावणी करणारी पेसो ही केंद्रीय यंत्रणा. तिचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. स्फोटक बनवायचं, साठवायचं, विकायचं, आणायचं म्हटलं की परवान्याचा प्रश्न येतो. दिवाळीच्या बाणासाठी हा मार्ग मळलेला आहे: परवानाधारक कारखाना, परवानाधारक दुकान, गिऱ्हाईक. अंगठ्याएवढ्या इंजिनासाठी मात्र शाळेच्या शिक्षकाला समजेल, झेपेल असा मार्ग दिसत नाही. परिणाम असा की काडी लावलेला, कुठेही भरकटणारा, परत न येणारा बाण गल्लीच्या टोकाला मिळतो आणि त्याहून कितीतरी शिस्तीचं इंजिन मिळत नाही.

गंमत अशी की त्याहून कितीतरी अवघड गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांनी केल्या आहेत. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीतून कक्षेत गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला. आयआयटी मुंबईत आज विद्यार्थ्यांची रॉकेट टीमही आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात तमकुही राज इथे इन-स्पेसच्या पुढाकाराने कॉलेजच्या विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा झाली. कॅनसॅट म्हणजे शीतपेयाच्या डब्याच्या कल्पनेवर बेतलेला छोटा उपग्रहासारखा संच, जो रॉकेटमधून वर नेऊन पॅराशूटने खाली सोडतात.

म्हणजे वरची पायरी आहे. पण कॉलेजच्या टीममध्ये पोहोचेपर्यंत मुलाने एकही रॉकेट उडवलेलं नसतं. क्रिकेटमध्ये कोणी असं म्हणेल का, की टेनिस बॉलला हात लावू नकोस, थेट रणजीच्या निवड चाचणीला ये?

रॉकेट हा विषय आपल्याला परकाही नाही. पेशवाईतल्या कागदपत्रांत लढाईतल्या रॉकेटला ‘बाण’च म्हटलं आहे आणि ते चालवणाऱ्याला बाणदार. इस्रोच्या घन इंधनाच्या कामात वसंत गोवारीकर हे नाव पहिल्या फळीतलं. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकी बनावटीचं होतं. भारतात बनलेलं रोहिणी आरएच-७५ हे २० नोव्हेंबर १९६७ ला उडालं. त्यातले ७५ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास. गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवायला लावतात त्या पीव्हीसी पाइपाएवढा.

विरोधातलं म्हणणं हलकं नाही

दारू ही दारूच असते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात ९ कामगारांचा जीव गेला. प्रशिक्षित माणसं, परवानाधारक जागा, तरीही. त्यामुळे ‘मुलांना करू द्या की थोडं’ असं म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. घरी इंधन बनवणं, फटाके फोडून दारू काढणं, धातूच्या पाइपात काहीही ठासणं याला कुठलंही शैक्षणिक नाव देऊ नये. मॉडेल रॉकेटरीतही ते निषिद्धच आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. आकाशात काहीतरी उडतंय म्हटल्यावर गाव घाबरतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्री दिसणाऱ्या ड्रोननी किती घबराट पसरवली होती, ते आठवून पाहा. पण ड्रोनचंच उदाहरण उलट्या बाजूनेही वाचता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ड्रोनचे नियम बदलले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. वजनाप्रमाणे वर्ग पडले, २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक परवान्यातून सूट मिळाली, नकाशावर लाल-पिवळे-हिरवे पट्टे आले. धोका होता म्हणून दार बंद न करता धोक्याच्या प्रमाणात दारं केली. आज शेतावर फवारणीला ड्रोन येतो तो त्यामुळेच.

मॉडेल रॉकेटला तेवढंच हवं. ‘ए’ ते ‘सी’ वर्गाच्या, कारखान्यात भरलेल्या इंजिनांना नियमांत वेगळा वर्ग द्यावा. फटाक्यांच्या परवानाधारक कारखान्यांना चाचणीच्या अटीवर ती बनवू द्यावीत. विक्री मुलांना नको, नोंदणीकृत शाळा, कॉलेज आणि विज्ञान केंद्रांनाच करावी, मोजून आणि वहीत नोंद ठेवून. अटल टिंकरिंग लॅबचं जाळं देशात आहेच आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. त्या लॅबमधल्या थ्रीडी प्रिंटरवर आज अनेक ठिकाणी किचेन छापल्या जातात. रॉकेटची टोपी छापायला काय हरकत आहे?

आणि हे सापगावात खरंच जमेल?

जागेपासून सुरू करू. अमेरिकी नियमांप्रमाणे ‘सी’ वर्गासाठी मैदानाची लहान बाजू सुमारे १२० मीटर हवी. चौरस धरला तर जवळपास पावणेचार एकर सलग मोकळी जमीन. मुंबई-ठाण्यातल्या शाळेला हे स्वप्नातही मिळणार नाही. कापणीनंतरच्या शिवारात मिळेल, पण एकाच मालकाची नाही. या भागातले तुकडे लहान. पावणेचार एकरात चार-पाच जणांचे बांध येतात, म्हणजे चार-पाच जणांची संमती आली. कोणाच्या वालात पोरांचे पाय पडले तर रॉकेटचं राहील बाजूला, भांडण आधी.

वेळ सकाळची. उन्हं चढली की वारा वाढतो आणि वारा म्हणजे शोधाशोध. साधं गणित करा. ३० सेंटिमीटरचं पॅराशूट छोट्या रॉकेटला सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने खाली आणतं. दीडशे मीटरवरून उतरायला ३० सेकंद. वारा सेकंदाला चार मीटर असेल तर तेवढ्यात रॉकेट १२० मीटर सरकलं. ताशी १४-१५ किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची बारीक फांदी हलेल एवढाच, पण रॉकेट बांधांपलीकडे गेलं. म्हणून अनुभवी लोक वारा असेल तेव्हा पॅराशूटऐवजी लांब फीत लावतात. उतरणं जरा वेगाने होतं, पण रॉकेट सापडतं. पॅराशूटच्या मधोमध भोक पाडणं हा दुसरा उपाय. आणि पहिलं उड्डाण नेहमी ‘ए’ वर्गाच्या इंजिनावर. तेवढ्या धीराचं सगळ्यांना जमत नाही, तो भाग वेगळा.

रॉकेट परत मिळवणं हे या छंदातलं अर्ध्याहून जास्त काम आहे. उडवणारा एक, तर नजर ठेवणारे तीन हवेत, तेही तीन वेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाने रॉकेट कुठल्या दिशेला, कुठल्या झाडाच्या किंवा घराच्या रेषेत उतरलं ते बोटाने दाखवत उभं राहायचं, जागा सोडायची नाही. दोन रेषा जिथे छेदतील तिथे रॉकेट. पूर्ण अंगाला भडक नारिंगी रंग, कारण पांढरं रॉकेट भाताच्या वाळल्या धसकटांत दिसतच नाही.

याच खुणांवर उंचीही मोजता येते. शंभर मीटरवर उभं राहून कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि नट लटकवून रॉकेटच्या सर्वोच्च बिंदूचा कोन घ्या. कोन ५० अंश आला तर शंभर गुणिले १.१९, म्हणजे ११९ मीटर, अधिक डोळ्यांची उंची. दहावीच्या त्रिकोणमितीतलं ते दीपगृह आणि ती बोट एकदाची कामाला येतात.

आगीचा विषय मात्र टाळता येणार नाही. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवर फेब्रुवारीपासून वणव्यांचे दिवस सुरू होतात. वाळलं गवत पेट घ्यायला ठिणगी पुरते. म्हणून दारूच्या इंजिनाचा हंगाम या भागात डिसेंबरअखेर संपलेला बरा. प्रक्षेपणाच्या जागेभोवती गवत-धसकट काढून माती उघडी करायची, उडव्या आणि पेंढ्याच्या गंजी यांच्यापासून लांब राहायचं, ओली गोणपाटं आणि पाण्याच्या बादल्या जवळ हव्यात. दरवर्षी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला आग कुठल्या वाऱ्यात कुठे धावते हे कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. प्रक्षेपणाच्या दिवशी अशी एक-दोन वडीलधारी माणसं बांधावर असतील तर अर्धी काळजी मिटेल. तानसा अभयारण्य आणि राखीव वन यांच्या आसपास तर नावच काढायचं नाही. रेल्वेची ओव्हरहेड वायर आणि या पट्ट्यातून जाणारे विजेचे मोठे टॉवर यांपासूनही लांबच. ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि पोलीस ठाणं यांना आधी लेखी कळवणं हे सौजन्य समजू नये, ती पहिली पायरी आहे.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचं?

अजिबात नाही. दारूशिवायचं रॉकेट आहे, आणि ते आजच करता येतं. पाण्याचं रॉकेट.

दोन लिटरची शीतपेयाची बाटली, तीच घ्यायची. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सहन करत नाही. एक तृतीयांश, म्हणजे साधारण ६५० मिलिलिटर पाणी. तोंडाला घट्ट बूच आणि त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपाने हवा भरायची, काटा असलेल्या पंपाने, पंक्चरवाल्याच्या भाषेत ५० पौंडांपर्यंत, त्यापुढे नाही. बाटली जमिनीत रोवलेल्या स्टँडवर उलटी, कळ लांब दोरीने ओढायची, सगळे पाच मीटर मागे, डोळ्यांवर चश्मा. चरे पडलेली बाटली फेकून द्यायची. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम, ओल्या कपड्यांसकट. वीस-तीस मीटर उंची सहज मिळते.

तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला देऊन उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात पाण्याने रॉकेट उडवायचं, हे ऐकायला जरा खटकेल. पण हिशोब करा. पंधरा उड्डाणांना दहा लिटर लागतं आणि ते पडतं शेतातच. शिवाय हा हंगाम हिवाळ्याचा.

पंखांसाठी सनबोर्ड उत्तम, आणि निवडणुका झाल्या की त्याला तोटा नसतो. पॅराशूट कचऱ्याच्या पातळ पिशवीचं, दोरा पतंगाचा पण साधा, नायलॉन मांजा नको. टोपी सैल बसवली की वर वेग संपल्यावर आपोआप सरकते आणि पॅराशूट बाहेर येतं. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिली आठ-दहा उड्डाणं टोपी एकतर आधीच पडते किंवा पडतच नाही. मुलं कुरकुरतात, घडी बदलतात, टोपी घासतात, पुन्हा उडवतात. वर सांगितलेली गोफण-चाचणी, कोनमापक, नजर ठेवणारे तिघे, वाऱ्याचं गणित हे सगळं पाण्याच्या रॉकेटलाही जसंच्या तसं लागतं. उद्या इंजिन मिळालं तर फक्त इंजिन नवं असेल.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याचा जो धडा घालून दिला, तो नेमका अशा कामासाठी आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आश्रमशाळा आहेत, मोकळी मैदानं आहेत, तालुक्यात अभियांत्रिकी कॉलेजही आहे. कॉलेजच्या चार मुलांनी दोन रविवार आश्रमशाळेत घालवले तर स्टँड तयार होतो. त्याला निविदा लागत नाही.

राहिला प्रश्न इंजिनाचा. तो गावात सुटणारा नाही. स्फोटकांचे नियम केंद्राचे आहेत आणि ते बदलण्यासाठी मागणीही तिथेच जायला हवी, इन-स्पेसकडून, विज्ञान परिषदांकडून, शिक्षक संघटनांकडून. कुशीनगरला देखरेखीखाली कॉलेजची रॉकेटं उडू शकतात, तर त्याच पद्धतीने प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एक दिवस, एका ठरलेल्या शिवारात, पेसोच्या परवानगीने आणि अग्निशमनाच्या गाडीसह शाळांची रॉकेटं का उडू नयेत? ठाणे जिल्ह्याने असा दिवस ठरवायचा म्हटलं तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार बरा. भात घरात आलेलं असतं, गवत पुरतं वाळलेलं नसतं, आणि म्हशाच्या जत्रेला अजून वेळ असतो.